‘देत नाही’ आणि ‘देऊ शकत नाही’ यांत फरक करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मुलांच्या पोटगी वसुलीवरचा लेख वाचला. तिथली यंत्रणा किती चोख आहे, बापाला पळवाटच कशी उरत नाही, याचं त्यात कौतुक होतं. मी गेली अकरा वर्षं अमेरिकेतच एका छोट्या कारखान्यात पगाराचं काम बघते. पोटगीच्या कपातीचे हुकूम माझ्याच टेबलावर येतात आणि कापलेली रक्कम कामाच्या सात दिवसांच्या आत मीच पाठवते. म्हणून लेखात न आलेलं थोडं कळवावंसं वाटलं.

मुलांना वाऱ्यावर सोडणारे आईबाप असतात, आणि ऐपत असून पैसे दडवणाऱ्याची अजिबात गय करू नये. एकटीने मुलं वाढवणाऱ्या आईला दर आठवड्याच्या त्या रकमेचं मोल काय असतं, हेही मला ठाऊक आहे. माझं म्हणणं आहे ते ज्याच्याकडे खरोखरच नाही त्याच्याबद्दल.

आमच्या पॅकिंग विभागात एक जण लागला. नव्या कामगाराची नोंद आम्हाला वीस दिवसांत सरकारला कळवावी लागते, त्यामुळे त्याच्या मागोमाग हुकूम आलाच. पहिल्या शुक्रवारी तो पगाराची चिठ्ठी घेऊन माझ्या खिडकीशी आला. कर वजा जाता ५६० डॉलर होत होते, त्यातले ३६४ पोटगीत गेले होते आणि हाती उरले होते १९६. यात काही चूक झाली आहे का, असं त्यानं हळूच विचारलं. चूक नव्हती. दुसऱ्या कुटुंबाची जबाबदारी नसेल आणि थकबाकी बारा आठवड्यांहून जुनी असेल, तर ६५ टक्क्यांपर्यंत कापायला केंद्रीय कायद्याची मुभा आहे. मी त्याला आकडे समजावून सांगितले. त्यानं चिठ्ठीची घडी घातली, पुन्हा उघडली, पुन्हा घातली.

ही थकबाकी झाली कशी? त्याचा आधीचा कारखाना बंद पडला होता. कामच गेलं म्हटल्यावर रक्कम आपोआप कमी होईल, असं त्याला वाटलं. तसं होत नाही. त्यासाठी आपणहून अर्ज करावा लागतो, आणि अर्जाच्या आधीची थकबाकी न्यायाधीशालाही कमी करता येत नाही. केंद्रीय कायद्यातल्या १९८६च्या ब्रॅडली दुरुस्तीने चुकलेला प्रत्येक हप्ता आपोआप न्यायालयाच्या निकालाइतका पक्का केला आहे. माणूस दवाखान्यात पडून असो की बेकार, हप्ते साचत राहतात. काही राज्यांत वर व्याजही चढतं. कॅलिफोर्नियात ते वर्षाला १० टक्के आहे.

१९९६च्या कायद्यानंतर राज्यांच्या हाती वाहन परवाना आणि व्यवसायाचा परवाना रोखण्याचं हत्यार आलं. थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्टही मिळत नाही. पासपोर्टाचं एक वेळ सोडा, पण इथे गाडीवाचून कामावर पोहोचायचं कसं? ज्याच्याकडून पैसे हवेत त्याचीच कमाईची वाट बंद करण्यात कुठलं शहाणपण आहे, हे मला अकरा वर्षांत कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आणि मग तुरुंग. साउथ कॅरोलायनातल्या एका बापाला आठवड्याला ५१.७३ डॉलर द्यायचे होते. थकबाकी ५,७२८.७६ डॉलरवर गेली आणि त्याला बारा महिन्यांची कैद झाली. त्याच्या बाजूने वकील नव्हता, आणि ऐपत आहे का याचा निष्कर्षही न्यायाधीशानं नोंदवला नव्हता. ‘टर्नर विरुद्ध रॉजर्स’ या खटल्यात २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं ती कैद चुकीची ठरवली. पण सरकारी वकील मिळालाच पाहिजे, असं काही म्हटलं नाही. त्याच राज्यात एप्रिल २०१५मध्ये वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस पोलिसापासून पळताना पाठीत गोळ्या लागून मेला. पोटगीपायी पुन्हा तुरुंगात जावं लागेल या भीतीनं तो पळाला असावा, असं त्याच्या घरच्यांनी सांगितलं.

हे सगळं मुलांसाठी चाललं आहे म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. आईनं सरकारी मदत घेतली असेल, तर पोटगीवरचा तिचा हक्क सरकारकडे जातो, आणि वसूल झालेले पैसे बऱ्याचदा सरकारच ठेवून घेतं. कापलेला पैसा आपल्या लेकीपर्यंत पोहोचतच नाही, हे कळल्यावर बापाला काय वाटत असेल? अर्बन इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेनं २००७ साली नऊ मोठ्या राज्यांची थकबाकी तपासली. तिच्यातला ७० टक्के भाग अशा लोकांच्या नावावर निघाला, ज्यांची नोंदलेली कमाई वर्षाला १०,००० डॉलर किंवा त्याहून कमी होती, नाहीतर अजिबात नव्हती. ही वसुली कुणाच्या खिशातून करणार?

२०१६च्या केंद्रीय नियमानं हुकूम खऱ्या कमाईवर बेतायला सांगितलं. तुरुंगात असलेल्यानं मुद्दाम काम सोडलं असं धरू नका, असंही बजावलं. हे आधीच व्हायला हवं होतं. जुन्या थकबाकीला मात्र त्याचा फारसा उपयोग नाही. लेखकानं ज्या कडकपणाचं कौतुक केलं, त्याचीच धार इथे बोथट करायचे प्रयत्न चालू आहेत, एवढं तरी आपल्या वाचकांना कळायला हवं.

आमच्या त्या कामगाराचा परवाना पाचव्या महिन्यात रोखला गेला. पाळी पहाटेची, आणि त्या वेळी बस नाही. तीन आठवडे कुणी ना कुणी त्याला गाडीतून आणलं, मग तो यायचा बंद झाला. नियमाप्रमाणे मी त्याच्या हुकुमाचा शेवटचा भाग भरून पाठवला: नोकरी संपल्याची तारीख, शेवटचा माहीत असलेला पत्ता, शेवटच्या कपातीची रक्कम. ‘नव्या मालकाचं नाव’ ही ओळ मी कोरी सोडली. त्याच्या मुलीच्या नावानं दर आठवड्याला मी पाठवत होते ते ३६४ डॉलर त्या शुक्रवारी गेले नाहीत.

आपली नम्र,
एक वाचक