टीव्ही आमचा, संमती दुसऱ्याची

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुमारास कापसाचा पैसा हाती येऊ लागला, की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या बाजारपेठांत टीव्हीची खरेदी वाढते आणि आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुन्हा एकदा तसाच जोर येतो. दुकानात आता साधा संच क्वचितच दिसतो. जो मिळतो तो स्मार्ट टीव्हीच. या टीव्हीच्या पडद्यावर कंपनीच्या जाहिराती येतात आणि आपण काय पाहतो याची नोंद कंपनीकडे जाऊ शकते, हे अनेकांच्या कानावर आलेले असते. मात्र त्याला परवानगी कोण देते आणि कोणत्या क्षणी देते, याविषयी फारसे बोलले जात नाही. त्यासाठीच हे पत्र.

संच घरी पोहोचला की कंपनीचा माणूस डेमो द्यायला येतो. तो संच भिंतीवर बसवतो, सेट-टॉप बॉक्सची वायर जोडतो, घरातल्या मुलाच्या मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून घेतो, त्याच्याच ई-मेलने खाते उघडतो आणि मग पडद्यावर एकामागून एक पाने येऊ लागतात. वापराच्या अटी, गोपनीयता धोरण, पाहण्याच्या सवयींची माहिती, आवडीनुसार जाहिराती, आवाजाची सेवा, असे त्या पानांवर बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत लिहिलेले असते, आणि ‘सर्व मान्य’ हे बटण तेवढे ठळक असते. पुढच्या घरी जायची घाई असलेला कंपनीचा माणूस रिमोट हातात धरून ते बटण दाबत जातो, आणि त्याच वेळी घरातली मंडळी चित्र स्वच्छ दिसते की नाही, संच तिरका तर बसला नाही ना, हे पाहण्यात आणि त्याच्यासाठी चहा ठेवण्यात गुंतलेली असतात. यात त्या माणसाला दोष देण्यात अर्थ नाही, कारण या पानांवर थांबून मालकाला विचारावे असे त्याला कोणी शिकवलेलेच नसते. परिणाम मात्र असा होतो, की ज्या संमतीवर पुढचा सगळा व्यवहार उभा राहतो, ती मालकाने न वाचलेली आणि न दिलेली असते.

त्या पानांमागचे तंत्र समजून घेण्यासारखे आहे. पडद्यावरील चित्राचा किंवा आवाजाचा अतिशय लहान नमुना संच ठरावीक अंतराने घेतो, त्यापासून एक ठसा तयार करतो आणि तो कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवतो. तेथील साठ्याशी ठसा जुळला, की कोणता कार्यक्रम किंवा कोणती जाहिरात चालू आहे हे कळते. लंडन, कॅलिफोर्निया आणि माद्रिद येथील विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२४ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेतील दोन मोठ्या कंपन्यांचे संच तपासले, तेव्हा एका कंपनीचा संच साधारण १५ सेकंदांनी आणि दुसऱ्या कंपनीचा मिनिटाला असे ठसे पाठवत असल्याचे आढळले. एचडीएमआय (चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या) वायरने बाहेरचे उपकरण जोडले असतानाही हे काम सुरू होते, आणि खानदेशातील वाचकांनी हीच बाब विशेष लक्षात घ्यावी. ‘आम्ही तर केबलच पाहतो, स्मार्टमधले काही वापरत नाही’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, पण सेट-टॉप बॉक्स बहुधा त्याच वायरने जोडलेला असतो आणि हॉटस्पॉट एकदा जोडला, की पुढे तो दिसताच संच आपणहून जोडला जातो. त्याच पाहणीतील दिलासा देणारी गोष्ट अशी, की सेटिंग्जमधून परवानगी काढून घेतल्यावर ही पाठवापाठवी थांबली.

अमेरिकेत हा विषय २०१७ मध्येच तेथील संघीय व्यापार आयोगापुढे गेला होता. व्हिझिओ या कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख संचांवरून प्रेक्षकांना स्पष्ट कल्पना न देता पाहण्याची माहिती गोळा केल्याचा आरोप होता आणि २२ लाख डॉलर भरून तिने तडजोड केली. त्यानंतरच्या वर्षांत याच कंपनीचा जाहिराती आणि माहितीच्या विभागातील ढोबळ नफा संचविक्रीच्या नफ्याहून जास्त झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये वॉलमार्टने ती कंपनी सुमारे २३० कोटी डॉलरना विकत घेतली. संच विकला की व्यवहार संपला, असे या धंद्यात आता राहिलेले नाही.

जाहिरातींमुळेच संच स्वस्त मिळतो, असा एक युक्तिवाद केला जातो आणि तो सर्वस्वी खोटा नाही. मात्र स्वस्त म्हणजे नेमका कितीने स्वस्त, हे दुकानातील किमतीच्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. ॲमेझॉनचे किंडल हे वाचनयंत्र अमेरिकेत जाहिरातींसह आणि जाहिरातींविना अशा दोन वेगवेगळ्या किमतींना विकले जाते. टीव्हीच्या बाबतीतही तसे झाले, तर कोणाला काय परवडते ते ज्याचे त्याला ठरवता येईल. केबल टीव्ही नियमांमध्ये वाहिन्यांसाठी तासाला १२ मिनिटे जाहिरातींची मर्यादा लिहिलेली आहे (ती किती पाळली जाते, हा वेगळ्या पत्राचा विषय), परंतु संच सुरू करताच कंपनी स्वतः दाखवते त्या जाहिरातींना अशी कोणतीही मर्यादा नाही. गावात दिवसाच्या दीड-दोन जीबीवर घर चालवणाऱ्या कुटुंबाला मुख्य पडद्यावर आपोआप चालणाऱ्या जाहिरातीच्या व्हिडिओचा खर्चही स्वतःच सोसावा लागतो.

आपल्याकडे कायदा नाही, असे मुळीच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि बिनशर्त असली पाहिजे, ती देणे जितके सोपे तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे, आणि तिची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजेच मराठीतही, वाचण्याची सोय असली पाहिजे. १८ वर्षांखालील मुलांच्या वागण्यावर नजर ठेवण्यास आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखविण्यास याच कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाहेर ४४-४५ अंश तापमान असताना आपल्याकडे दुपारभर टीव्हीसमोर कोण बसलेले असते, हे कोणाला सांगायला नको. तरीही संपूर्ण घराच्या वतीने दिलेली संमती एकच असते. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि कंपन्यांवरील मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतील. तोवर येणारे सणासुदीचे हंगाम मात्र जुन्याच पद्धतीने पार पडणार आहेत.

तोपर्यंत घरच्या घरी बरेच काही करता येते. सॅमसंगच्या संचात गोपनीयतेच्या भागात ‘व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस’ आणि आवडीनुसार जाहिरातींची परवानगी काढून टाकता येते. एलजीच्या संचात ‘लाइव्ह प्लस’ बंद करावे आणि युजर ॲग्रीमेंटमधील पाहण्याच्या माहितीसमोरची खूण काढावी. मॉडेलनुसार ही नावे आणि जागा थोड्याफार बदलतात. गुगल टीव्हीवर चालणाऱ्या संचात ‘ॲप्स ओन्ली मोड’ निवडला की मुख्य पडद्यावरील शिफारशींची गर्दी बरीच ओसरते, मात्र बोलून शोधण्याची सोयही त्याबरोबर जाते. आवडीनुसार जाहिराती बंद केल्याने जाहिरातींची संख्या कमी होत नाही, केवळ त्या आपल्या सवयींवरून निवडल्या जात नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. घरी राउटर असेल, तर जाहिरातींचे पत्ते अडवणारे डीएनएस (इंटरनेटवरील नावांचे पत्ते शोधून देणारी सेवा) त्यात लावता येते; जाणकार मंडळी त्यासाठी पाय-होल नावाचे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. यूट्यूबमधील जाहिराती या उपायाने सहसा थांबत नाहीत, कारण व्हिडिओ आणि जाहिरात एकाच ठिकाणाहून येतात. ज्यांना केवळ केबल किंवा डिश पाहायची आहे, त्यांनी संचाला इंटरनेट जोडूच नये आणि आधी जोडले असल्यास सेटिंग्जमध्ये जाऊन ते जाळे ‘फरगेट’ करावे. हा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत खात्रीचा आहे, आणि डेमो देणारा नेमका हाच सांगत नाही.

वास्तविक एवढी खटपट ग्राहकाने का करावी, हा प्रश्न रास्त आहे. परवानगी एका बटणाने घेतली जाते आणि काढून घेण्यासाठी मात्र तीन-चार ठिकाणी शोधाशोध करावी लागते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकांची दिशाभूल करणाऱ्या १३ ‘डार्क पॅटर्न’ना मनाई केली असून पडद्याची मांडणी अशी करणे की ग्राहक आपसूक कंपनीला हव्या त्या बटणाकडे वळेल, हा त्यातलाच एक प्रकार आहे. या मार्गदर्शक तत्त्वांचा आधार घेऊन १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते.

आपल्या दैनिकामार्फत खानदेशातील विक्रेत्यांना आणि कंपन्यांच्या सेवा केंद्रांना माझी विनंती आहे, की संमतीची पाने येताच रिमोट मालकाच्या हाती द्यावा, प्रत्येक पानाचा अर्थ मराठीत सांगावा, ‘नाही’ म्हटल्यानेही संच चालतो हे स्पष्ट करावे आणि पावतीबरोबर या परवानग्या बंद कशा कराव्यात याचे एक मराठी पत्रक द्यावे. त्यासाठी मे २०२७ ची वाट पाहण्याचे कारण नाही. दरवर्षी २४ डिसेंबरला राष्ट्रीय ग्राहक दिनानिमित्त शासकीय कार्यालयांत कार्यक्रम होतात आणि भाषणेही होतात. यंदा जिल्हा पुरवठा अधिकाऱ्यांनी आणि ग्राहक संघटनांनी एखाद्या भाषणाऐवजी तेथे एक नवा संच मांडावा, तो पहिल्यांदा सुरू होताना येणारी पाने लोकांसमोर उघडावीत आणि ती मोठ्याने वाचून दाखवावीत.

आपला,
एक नियमित वाचक,
अमळनेर, जि. जळगाव