खांद्यावरच्या क्षेपणास्त्राकडेही लक्ष द्या

मा. संपादक,

मे २०२५ च्या संघर्षापासून आमच्या शहापुरातल्या कट्ट्यांवर एस-४०० या लांब पल्ल्याच्या हवाई संरक्षण यंत्रणेचा विषय निघतोच. निघावाच. पण पाच-सहा किलोमीटरच्या टप्प्यात, खालून घुसणारे हेलिकॉप्टर पाडायचे काम इग्लासारख्या खांद्यावरून डागायच्या क्षेपणास्त्राचे. ते इंजिनाच्या उष्णतेचा माग काढते. लक्ष्य दिसल्यापासून जवानाच्या हातात काही सेकंदच असतात, तिथे सरावच कामी येतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या केंद्रातली पोरे पहाटे घाम गाळताना बघत आम्ही बेळगावकर मोठे झालो, म्हणून हे जास्त जाणवते.

बॅटरीवरच्या छोट्या ड्रोनला मात्र फारशी उष्णताच नसते. शिवाय स्वस्त ड्रोनवर महागडे क्षेपणास्त्र झाडणे परवडतही नाही. तिथे ४० मिमीची जुनी एल-७० विमानविरोधी तोफच उपयोगी.

डीआरडीओच्या स्वदेशी व्हीशोरॅड्सच्या, म्हणजे जवानांना वाहून नेता येणाऱ्या अगदी कमी पल्ल्याच्या विमानविरोधी क्षेपणास्त्राच्या, चाचण्या २०२२ पासून सुरू आहेत. ते लवकरात लवकर जवानांच्या हाती यावे. आणि त्याच्या सुट्या भागांची कामे देताना आमच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्या व मशिन शॉपचाही विचार व्हावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, शहापूर, बेळगाव