‘द किंग’मधला न्यायाधीश

मा. संपादक, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत ‘द किंग’ या २०१९च्या नेटफ्लिक्सवरच्या, इंग्लंडच्या पाचव्या हेन्री राजावरच्या पिक्चरबद्दल जे छापून आलंय ते वाचलं. लिहिणाऱ्यांनी सगळा राग इतिहासाच्या चुकांवर काढलाय, फ्रान्सचा युवराज हेन्रीनं जिंकलेल्या अ‍ॅजिनकोर्टच्या लढाईत नव्हताच तरी दाखवला, बंडखोर सरदार हॉटस्पर आणि हॅल (म्हणजे तरुणपणीचा हेन्री) बरोबरीच्या वयाचे दाखवले वगैरे. अहो पण ही दोन्ही कामं शेक्सपिअरनीच करून ठेवलीत! खरा हॉटस्पर तर हॅलच्या बापापेक्षाही वयानं मोठा, पण नाटकात त्याला पोराच्या जोडीला आणून बसवलाय, कारण बापाला ‘हा माझा मुलगा असता तर’ असं वाटायला पाहिजे ना. ऐतिहासिक नाटकात एवढं चालतंच, आपल्या सांगलीच्या खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ (१९०९) तरी कोणी तारखा तपासायला बघत होतं का.

माझी तक्रार दुसरीच आहे. शेक्सपिअरच्या ‘हेन्री फोर्थ’ नाटकाच्या दुसऱ्या भागात एक सरन्यायाधीश आहे, त्यानं हॅलला युवराज असताना तुरुंगात टाकलेलं असतं. हॅल राजा होतो, सगळ्यांना वाटतं आता हा म्हातारा गेला, आणि राजा त्यालाच म्हणतो की तुम्ही बरोबर केलंत, तराजू आणि तलवार तुमच्याकडेच ठेवा. हेही खऱ्या इतिहासात नाही बरं का, १४१३मध्ये गादीवर आल्यावर लगेच हेन्रीनं दुसरा सरन्यायाधीश नेमला होता. पण शेक्सपिअरनं हे मुद्दाम रचलं, आणि राघोबादादाला देहान्त प्रायश्चित्त सांगणाऱ्या रामशास्त्र्यांच्या माहुलीजवळ राहणाऱ्या माणसाला तो सीन कळायला वेगळी समीक्षा लागत नाही.

पिक्चरमध्ये या न्यायाधीशाचं काय केलंय? कारस्थानी! खोटा मारेकरी उभा करून राजाला लढाईत ढकलणारा, आणि शेवटी राजाच त्याला मारतो. म्हणजे लढाईचं पाप त्याच्या डोक्यावर आणि हेन्री बिचारा फसलेला, स्वच्छ. राजा झाल्यावर जुन्या दोस्ताला, फॉलस्टाफला, झिडकारायचा सीनसुद्धा गायब, उलट त्याला सेनापती करून फ्रान्सला नेलाय आणि तिथं वीरमरण दिलंय. नाटकातला हेन्री दोस्ताला ओळख दाखवत नाही आणि लढाईची कारणं बिशपांकडून स्वतः मागून घेतो, तो आवडतोही आणि भीतीही वाटते, ते सगळं इथं धुऊन टाकलंय. चिखलातली लढाई मात्र जबरदस्त आहे, चिलखतात माणसं अक्षरशः गुदमरतात, त्याचे मार्क द्यायलाच पाहिजेत.

तेव्हा परीक्षण लिहिताना काय काढलं आणि कुणाला वाचवायला काढलं ते सांगा, तारखा राहू देत. बीबीसीनं २०१२मध्ये केलेल्या ‘द हॉलो क्राऊन’ या शेक्सपिअरच्या नाटकांवरच्या मालिकेवरही पुरवणीत एकदा लिहा, त्यात सायमन रसेल बीलचा फॉलस्टाफ झिडकारला जातो तेव्हा त्याचं तोंड बघा फक्त. सबटायटल लावूनच बघा, भाषा जुनी आहे.

– एक वाचक, सदरबझार, सातारा