मनूच्या शिकवणीचे पैसे भरण्याआधी

टोरांटो
२२ फेब्रुवारी

प्रिय ताई आणि भाऊजी,

साष्टांग नमस्कार.

ताईने पाठवलेला मनूच्या शिकवणीच्या पत्रकाचा फोटो काल रात्री पाहिला. भाऊजी शनिवारी बँकेत जाऊन एफडी मोडणार आहेत आणि शिकवणीच्या सरांना दीड लाख रुपये आगाऊ द्यायचे आहेत, हे वाचून झोप लागली नाही. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. छापून घ्या आणि मनूलाही वाचायला द्या. शनिवारी बँकेत जाऊ नका, एवढं माझं आधी ऐका.

पत्रकापासूनच सुरुवात करतो. वर ठळक अक्षरांत ‘जीमॅटमध्ये ७०० गुणांची हमी’ असं छापलंय. ताई, जीमॅट म्हणजे एमबीएच्या प्रवेशासाठीची परीक्षा, आणि आताच्या जीमॅटमध्ये ७०० हा आकडा येऊच शकत नाही. परीक्षेचं नवं रूप नोव्हेंबर २०२३मध्ये सुरू झालं आणि जुनी परीक्षा जानेवारी २०२४च्या अखेरीस बंद झाली. नव्या परीक्षेचे गुण २०५ ते ८०५ असतात आणि प्रत्येक आकड्याच्या शेवटी ५ असतो. ६९५ मिळतील, ७०५ मिळतील, ७०० कुणालाच मिळणार नाहीत. जुन्या ७००च्या तोडीला आज साधारण ६४५ धरतात. त्याच पत्रकात खाली ‘भूमिती, सेंटेन्स करेक्शन, निबंधलेखन’ असे विषय दिलेत. (सेंटेन्स करेक्शन म्हणजे इंग्रजी वाक्यातली चूक सुधारणं.) हे तिन्ही नव्या परीक्षेतून काढून टाकलेत. म्हणजे सर जे चाळीस तास शिकवणार, त्यातले कितीतरी तास मनू परीक्षेत नसलेल्या गोष्टी शिकत बसणार. सर माणूस म्हणून चांगलेही असतील, पण ज्यांनी स्वतःचं पत्रकसुद्धा बदललं नाही, त्यांच्या हाती आपली मुलगी आणि भाऊजींची इतक्या वर्षांची बचत द्यायला माझं मन तयार नाही.

मी एवढं कळकळीने लिहितोय त्याचं कारण तुला अर्धंच माहीत आहे, ताई. २०१० साली मी याच परीक्षेसाठी दादरला एका सरांकडे शिकवणीला जायचो, हे तुला आठवत असेल. ती फी बाबांनी पतपेढीतून कर्ज काढून भरली होती. तेव्हा तुझं लग्न होऊन तू पार्ल्याला गेली होतीस, त्यामुळे घरात काय चाललं होतं ते तुझ्यापर्यंत आलं नाही. मी फोर्टातलं ऑफिस सुटलं की दादरला उतरायचो, दोन तास शिकवणी, मग मुलुंडची लोकल, घरी पोचायला साडेदहा. सर झेरॉक्स काढलेल्या नोट्स द्यायचे आणि फळ्यावर उदाहरणं सोडवून दाखवायचे. फार छान सोडवायचे. मला वाटायचं, आपल्याला सगळं समजतंय. चार महिन्यांत त्यांनी माझी एकही चुकलेली उत्तरपत्रिका हातात घेऊन पाहिली नाही. पहिल्या परीक्षेत मला इतके कमी गुण मिळाले की तो आकडा मी बाबांना सांगितलाच नाही. बाबांनीही विचारलं नाही. ते पुढे दीड वर्ष हप्ते फेडत राहिले. आज बाबा नाहीत, आणि ती गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

नंतर मला ज्यांनी शिकवलं ते शिकवणी घेणारे नव्हतेच. ऑफिसातले एक वयाने मोठे सहकारी होते, आम्ही त्यांना काका म्हणायचो. आठवड्यातून दोनदा, सगळे गेल्यावर, ते माझ्यासोबत तासभर बसायचे. त्यांनी मला एकही सूत्र शिकवलं नाही. चुकलेला प्रश्न समोर ठेवून विचारायचे, ‘हा पर्याय तू का निवडलास ते सांग.’ बरोबर उत्तर काय, हे मुळी विचारायचेच नाहीत. मी सांगायला लागलो की तिसऱ्या-चौथ्या वाक्यात मलाच कळायचं की मी कुठे घसरलो. मग ते एका वहीत लिहायला लावायचे: प्रश्न कुठला, मी काय समजलो, खरं काय होतं, आणि पुढच्या वेळी नजर कुठे ठेवायची. ती चुकांची वही माझ्याकडे अजून आहे. मला टोरांटोला आणलं ते त्या वहीने, असं मी मानतो.

म्हणून मनूसाठी मास्तर शोधताना मी एकच गोष्ट पाहीन: तो तिच्या चुकीपाशी थांबतो का. वर्गात चाळीस मुलं असली की ते शक्य नसतं. एकट्याची शिकवणी घ्यायची ती तेवढ्याचसाठी. नाहीतर तेच तेच शिकवणारे व्हिडिओ मुबलक मिळतात, त्यासाठी तासाला हजारो रुपये कशाला द्यायचे?

एक उदाहरण देतो, म्हणजे मी काय म्हणतोय ते भाऊजींनाही दिसेल. जीमॅटमध्ये डेटा सफिशियन्सी नावाचे प्रश्न असतात. त्यात उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तरासाठी पुरते का एवढंच ठरवायचं असतं. समजा, डब्यात लाडू किती, असा प्रश्न आहे. पहिलं विधान: लाडवांची संख्या ५च्या पटीत आहे. दुसरं विधान: लाडू २०पेक्षा जास्त आणि ३०पेक्षा कमी आहेत. कुठलंही एक विधान पुरत नाही, दोन्ही मिळून २५ हे एकच उत्तर उरतं, म्हणजे दोन्ही मिळून पुरतात. आता दुसरं विधान जरासं बदला: लाडू कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त ३० आहेत. आता २०, २५, ३० तिन्ही बसतात, म्हणजे दोन्ही विधानं मिळूनही पुरत नाहीत. मनूसारखी हुशार मुलगी इथे चुकते ती गणित येत नाही म्हणून नव्हे. घाईत ‘पेक्षा’ हा शब्द तिच्या नजरेतून सुटतो. जो मास्तर तिला यावर अंकगणिताची आणखी पन्नास उदाहरणं देईल त्याने तिचा रोगच ओळखला नाही. जो म्हणेल, ‘विधान वाचल्यावर टोकाचे आकडे आधी तपासून बघ,’ तो आपला माणूस.

आता करायचं काय, ते सांगतो. सर्वांत आधी मनूने सराव परीक्षा द्यायची, मास्तर शोधायच्याही आधी. परीक्षा घेणाऱ्या जीमॅक संस्थेच्या अधिकृत सराव परीक्षांपैकी दोन फुकट मिळतात. त्यांतली एक रविवारी सकाळी, घड्याळ लावून, सलग द्यायला सांग. क्वांट म्हणजे गणित २१ प्रश्न, व्हर्बल म्हणजे इंग्रजी २३, डेटा इनसाइट्स म्हणजे तक्ते-आलेखांसारख्या माहितीवरचे २०, प्रत्येक भागाला ४५ मिनिटं. सगळी मिळून सव्वादोन तासांची परीक्षा, मधे हवी असेल तर दहा मिनिटांची एक सुट्टी. दुसरी फुकटची परीक्षा शेवटच्या महिन्यासाठी राखून ठेवावी. खासगी क्लासच्या सराव परीक्षांवर मी फारसा विसंबून राहणार नाही. जीमॅटमध्ये तुमच्या उत्तरांप्रमाणे पुढचे प्रश्न सोपे किंवा अवघड होत जातात, त्यामुळे नुसती बरोबर उत्तरं मोजून गुण कळत नाहीत. ती यंत्रणा हुबेहूब बाहेर बनवणं सोपं नाही.

पहिल्या परीक्षेचा निकाल हातात असला की मास्तरांशी बोलणं वेगळंच होतं. तेव्हा ‘तुम्ही काय शिकवता?’ असं विचारायचं नाही. मनूचे चुकलेले दहा प्रश्न समोर ठेवायचे आणि ते काय विचारतात ते ऐकायचं. त्यांनी लगेच पेन हातात घेऊन उत्तर सोडवून दाखवायला सुरुवात केली तर सावध व्हा. त्यांनी मनूलाच बोलतं केलं तर अजून थोडा वेळ बसा. स्वतः त्यांनी नवी परीक्षा दिली आहे का, हेही विचारा, त्यात संकोच कसला? दोन तासांचे पैसे देऊन दोन तास घेऊन बघा. पटलं तर पुढचे आठ तास. महिन्यापेक्षा जास्त आगाऊ फी कुणालाच देऊ नका, मग तो कितीही मोठा असो. जो म्हणतो ‘सगळे पैसे आधी, नाहीतर जागा जाईल,’ त्याला त्याची जागा लखलाभ होऊ दे.

आणि कुणी कानात सांगितलं की माझ्याकडे परीक्षेत सध्या येणारे प्रश्न आहेत, तर तिथून उठून निघून या. २००८ साली अमेरिकेत असं एक प्रकरण कोर्टात गेलं होतं आणि असे प्रश्न वापरणाऱ्या परीक्षार्थींचे गुण जीमॅकने रद्द केले. मुलीचं नाव त्यात गेलं तर पुढचे सगळे दरवाजे बंद होतील.

मनूला खरंच जीमॅटच द्यायची आहे ना, हे तिच्याशी एकदा बोला. तिला इकडे कॅनडात किंवा युरोपात यायचं असेल तर जीमॅट ठीक आहे, बऱ्याच ठिकाणी जीआरई ही दुसरी प्रवेश परीक्षाही चालते. पण मनात मुंबईतलं जमनालाल बजाज हे मॅनेजमेंट कॉलेज असेल तर राज्याची सीईटी वेगळीच आहे: दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, तिथे वेगाला महत्त्व. आयआयएमसाठी कॅट, तीही निराळी. तीनही परीक्षांची तयारी एकाच वेळी करून देतो म्हणणाऱ्या मास्तरांबद्दल मला जरा शंकाच वाटते.

क्वांटच्या भागात कॅल्क्युलेटर मिळत नाही, फक्त डेटा इनसाइट्समध्ये पडद्यावर असतो. म्हणून एक सुचवतो, हसू नका. आईला अजून पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ आहेत. मनूने रोज संध्याकाळी दहा मिनिटं आजीजवळ बसून ते पाढे म्हणावेत. अपूर्णांक झटकन डोक्यात येणं याची किंमत त्या परीक्षेत फार आहे, एका प्रश्नाला जेमतेम दोन मिनिटं असतात. आणि आईलाही बरं वाटेल. गुडघ्यांमुळे ती हल्ली घरातच असते, नातीला तिच्याकडून काही शिकायचंय हे कळलं तर तिचा दिवस आनंदात जाईल.

मनू बीकेसीहून थकून येते, पुन्हा तिला दादर किंवा अंधेरीला पाठवू नका. शिकवणी ऑनलाइन असली तरी चालेल, समोरचा माणूस चुका वाचणारा हवा. परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी असं मला वाटतं. घरून देता येते, पण आपल्या दोन खोल्यांत सव्वादोन तास कुणी मधे येणार नाही, हे तू तरी कसं सांगशील? आणि पहिल्यांदा गुण मनासारखे आले नाहीत तर घाबरू नका. सोळा दिवसांनी पुन्हा देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा. मिळालेले गुण पाच वर्षं चालतात. इथल्या आणि युरोपातल्या कॉलेजांची पहिली फेरी बहुतेक ठिकाणी सप्टेंबरच्या सुमारास असते, म्हणजे अजून सहा महिने आहेत. घाईने दीड लाख देण्याइतकी वेळ आलेली नाही.

मीच का शिकवत नाही, असं भाऊजी म्हणतील. मी दिली ती परीक्षा आता उरली नाही, आणि आपल्या माणसाला शिकवताना माझा आवाज चढतो. लहानपणी मी मनूला सायकल शिकवत होतो तेव्हा ती रडली होती, ते मला अजून लागून राहिलंय. पण मी एक नक्की करीन. रविवारी तिची सराव परीक्षा झाली की तिने चुकांची वही उघडावी आणि पहिल्या पानाचा फोटो मला पाठवावा. तुमच्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजतात तेव्हा इथे सकाळचे नऊ असतात. मी चहा घेऊन तिची वाट बघेन आणि फक्त विचारेन, हा पर्याय का निवडलास? उत्तर येईपर्यंत मधे बोलणार नाही, हे तिला सांग.

बाबांची पतपेढीची पासबुकं तुझ्या कपाटात आहेत, असं आई म्हणत होती. ती टाकू नकोस, मी डिसेंबरात आलो की घेईन. आईला नमस्कार, मनूला खूप खूप आशीर्वाद. एफडीबद्दल काय ठरलं ते शुक्रवारपर्यंत कळव.

तुझा धाकटा भाऊ