बेचाळीस चिठ्ठ्या

कोथरूड, पुणे
१४ डिसेंबर

तीर्थरूप बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "असलं कसलं पुस्तक पोरीच्या हातात देतेस?" तेव्हा मी कुकर लावत होते आणि छकुली शेजारीच उभी होती, म्हणून नीट बोलले नाही. फोनवर आपण दोघंही लवकर चिडतो. म्हणून आज लिहायलाच बसले.

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तुम्ही आठ दिवस इथे होतात. तुम्हाला वाचायची बंदी, म्हणून ती रोज संध्याकाळी तुमच्याजवळ बसून इंग्रजी पुस्तक मराठीत सांगायची. एके दिवशी गोष्टीत बारा वर्षांच्या मुलीच्या नावाची चिठ्ठी निघाली आणि तिच्या जागी मरायला तिची सोळा वर्षांची बहीण पुढे झाली. तिथे तुम्ही "बंद कर ते" म्हणालात आणि काळा चष्मा लावून गॅलरीत जाऊन उभे राहिलात. छकुलीला वाटलं, आजोबा रागावले. तो राग नव्हता, हे मला तुमच्या पाठीकडे बघूनच कळलं होतं.

ते पुस्तक 'हंगर गेम्स'. सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेचं, २००८ सालचं. पॅनेम नावाच्या देशात एक श्रीमंत राजधानी आणि तिच्या धाकात बारा जिल्हे. दर वर्षी प्रत्येक जिल्ह्याने नावांच्या चिठ्ठ्या काढून बारा ते अठरा वयाचा एक मुलगा आणि एक मुलगी द्यायची. या चोवीस पोरांनी एकमेकांना मारायचं, एक उरेपर्यंत, आणि सगळ्या देशाने ते टीव्हीवर बघायचं. बघणं सक्तीचं. लेखिकेने सांगितलंय की एका रात्री ती टीव्हीचे चॅनेल बदलत होती. एकीकडे तरुण मुलांच्या स्पर्धेचा कार्यक्रम, दुसरीकडे इराकच्या युद्धाची दृश्यं, आणि दोन्ही तिच्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली. पॅनेम म्हणजे लॅटिनमध्ये भाकरी. लोकांना भाकरी आणि खेळ दिले की ते गप्प बसतात, हे रोमचं जुनं राजकारण तिने नावातच घालून ठेवलंय.

आई, तू म्हणालीस पोरगी रात्री दचकून उठेल. उठली. रू नावाची लहान मुलगी मरते ते वाचल्यावर दोन रात्री माझ्या कुशीत झोपली. रू शेतीच्या जिल्ह्यातली. तिथली माणसं अख्ख्या देशाचं धान्य आणि फळं पिकवतात, पण शेतातलं तोंडात टाकलं तर फटके खातात. तिसऱ्या दिवशी छकुलीने मला विचारलं, "पिकवणाऱ्याच्याच घरी खायला का नाही?" हा प्रश्न तिला तेराव्या वर्षी पडला. मला पडायला कॉलेज उजाडलं होतं.

पण मला खरं सांगायचंय ते चिठ्ठ्यांचं. बाराव्या वर्षी पोराच्या नावाची एक चिठ्ठी, तेराव्या वर्षी दोन, अशा वाढत जातात. घरात खायला नसेल तर जादा चिठ्ठी टाकता येते आणि तिच्या बदल्यात एका माणसाचं वर्षभराचं, जेमतेम पुरेल इतकं धान्य आणि तेल मिळतं. या जादा चिठ्ठ्याही दर वर्षी साठत जातात. छकुलीने वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. नायिका कॅटनिस म्हणजे तीच सोळा वर्षांची बहीण, घरी तीन माणसं. नियमाच्या पाच आणि धान्याच्या तीन पंचे पंधरा, एकूण वीस. तिचा मित्र गेल अठरा वर्षांचा, घरी पाच माणसं. त्याच्या सात आणि पस्तीस, म्हणजे बेचाळीस. मेयरच्या मुलीच्या मात्र पाचच. तिने बेचाळीसभोवती पेनने गोल केला, आणि तो इतका गिरवला की कागद फाटला.

बाबा, ते पान बघितलं आणि मला तुम्ही आठवलात. १९७२ चा दुष्काळ. तुम्ही पंधरा वर्षांचे, मुकादमाला वय अठरा सांगून पाझर तलावावर खडी फोडायला गेलात. डाव्या अंगठ्याच्या नखावर हातोडा बसला तो तेव्हाच. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी, तिच्या न थापल्या जाणाऱ्या भाकऱ्या, कामावर खायला मिळणारी सुकडी, हे सगळं मला आजीकडून कळलं. तुम्ही कधी बोलला नाहीत. मी लहानपणी ताटात भात टाकला की तुम्ही नुसतं ताटाकडे बघायचात, तेवढंच.

तुमच्या हातात निदान हातोडा दिला गेला, कामाला दाम मिळाला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या योजनेतून पुढे रोजगार हमीचा कायदा झाला, मागेल त्याला काम हा हक्क झाला. पॅनेममध्ये धान्याच्या बदल्यात पोराचा जीव गहाण पडतो. हा फरक पोरीला कोणी समजावून सांगायचा? मी पुस्तकात वाचलेलं सांगीन. तुम्ही त्या खडीवर बसला होतात.

या प्रकारची सगळीच पुस्तकं मला आवडतात असं नाही. 'हंगर गेम्स' गाजल्यावर तशा कादंबऱ्यांचं पीकच आलं. 'डायव्हर्जंट'मध्ये शिकागो शहराचे लोक स्वभावानुसार पाच गटांत वाटलेले, आणि सोळाव्या वर्षी ज्याने त्याने आपला गट निवडायचा. छकुलीच्या मैत्रिणींना ते फार जवळचं वाटतं, कारण दहावीनंतर सायन्स की कॉमर्स हे भूत आत्तापासूनच त्यांच्या मानगुटीवर बसलंय. मला ते पटत नाही. माणसं जन्मावरून, पैशावरून वाटली जातात हे आपण गावात रोज बघितलंय. शौर्य एका गल्लीत आणि बुद्धी दुसऱ्या गल्लीत, अशी वाटणी करणाऱ्या लेखिकेला समाज कसा चालतो याचा विचार करायचा नव्हता, असं मला वाटतं. हे मी छकुलीला सांगितलं. ती भांडली. भांडू दे.

मला सगळ्यात मोठं वाटतं ते लोइस लोरी यांचं 'द गिव्हर', १९९३ चं. तिथे भूक नाही, युद्ध नाही, रंगही नाहीत. सगळ्या जुन्या आठवणी एकाच म्हाताऱ्याकडे ठेवलेल्या. आणखी मुलं जन्माला घालायची का, असं पुढाऱ्यांनी त्याला विचारलं, तेव्हा त्याने नको म्हणून सांगितलं, कारण उपासमार कशी असते हे त्या एकट्याला आठवत होतं. योनास नावाचा बारा वर्षांचा मुलगा त्याच्याकडून आठवणी घेतो. एका आठवणीत सणाचा दिवस आहे, उबदार खोली आहे आणि घरात दोन म्हातारी माणसं आहेत. ती कोण, हे योनासला कळतच नाही. आजी-आजोबा ही गोष्टच त्याला ठाऊक नाही. त्या गावात मुलं मोठी झाली की आईबापांशी नातं संपतं आणि म्हातारी माणसं वेगळ्या घरात जातात. ते वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. तुम्हाला फोन करावासा वाटला, पण तुम्ही झोपला असाल म्हणून केला नाही.

आम्ही २५ तारखेच्या सकाळच्या एसटीने निघतोय. बाबा, छकुलीला एकदा पाझर तलावावर घेऊन जा. भरावावर कुठे बसायचात, मुकादम कुठे उभा असायचा, ते दाखवा. अंगठ्याचं नख दाखवा. ती विचारेल पुष्कळ, तेव्हा उठून जाऊ नका. बोलता आलं नाही तर गप्प बसा, ती बसेल शेजारी.

'हंगर गेम्स'चे पुढचे दोन भाग अप्पा बळवंत चौकातून आणून ठेवलेत. तुम्हाला वाचून दाखवायचे असं तिने ठरवलंय.

आई, गुडघ्याला लावायचं तेल घेतलंय, दोन बाटल्या. मिलोची भाकरी कशी करायचीस ते छकुलीला तुझ्याकडून ऐकायचंय. मिलो आता मिळायची नाही, पण सांग तरी.

तुमची,
पुण्याची लेक