पांढरा चट्टा आणि तू पाठवलेली तीन पानं

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या रूममेटच्या गालातल्या पांढऱ्या चट्ट्याबद्दल पाठवलेली इंटरनेटवरची तिन्ही पानं वाचली. धादांत खोटं त्यात फारसं नाही. घोटाळा वेगळाच आहे: खरी माहिती भलत्याच तोंडाला लावली गेली आहे.

पहिलं पान अमेरिकेतलं. सगळा भर एचपीव्ही विषाणूवर. मथळा 'तोंडाचा कॅन्सर', पण आतला मजकूर टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाचा, म्हणजे घशाचा. विषाणूमुळे होणारा तो कॅन्सर उपचारांना चांगली दाद देतो, त्यामुळे आकडेही दिलासा देणारे दिसतात. आपल्याकडे गाठ बहुतेकदा गाल आणि खालची हिरडी यांच्यामधल्या खाचेत होते. खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, तोबरा तिथेच तर धरून ठेवतात! खर्रा खाणाऱ्या तुझ्या रूममेटला हे आकडे लागू नाहीत. कुठलंही पान वाचताना आधी जागा बघ. जागा आणि टप्पा न सांगता जगण्याची टक्केवारी देणारं पान सरळ बंद कर.

दुसरं पान म्हणतं, तंबाखू नसेल तर नुसती सुपारी चालते. साफ चूक. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २००४ सालच्या अहवालात नुसत्या सुपारीलाही माणसात कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. सुपारीनेच गालाच्या आतली त्वचा ताठरते, तिखट झोंबतं, तोंड उघडेनासं होतं. तोंड 'मोकळं करणारं' तेल विकायची जाहिरात त्याच पानाच्या तळाशी आहे, ती पाहिलीस का? कॅन्सर बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी विकणारे विकतात.

तिसरं पान डॉक्टरांनीच लिहिलेलं, पण जुनं. त्यात दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ म्हणजे पहिला टप्पा, एवढंच आहे. २०१८ पासून गाठीची खोलीही धरतात. लहान दिसणारी गाठ पाच मिलिमीटरपेक्षा खोल गेली असेल तर ती पहिल्या टप्प्यात बसत नाही. मानेतल्या गाठी नंतर बघू, असंही तिथे सुचवलंय. मुंबईच्या टाटा रुग्णालयाचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास उलट सांगतो: सुरुवातीच्या टप्प्यातही मानेची शस्त्रक्रिया लगेच केली तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते, थांबून केली तेव्हा ६७.५ टक्के. तेव्हा पानाची तारीख बघ. आरोग्याच्या संकेतस्थळांना विश्वासार्हतेचा शिक्का देणाऱ्या 'हेल्थ ऑन द नेट'च्या शिक्क्यावर मात्र जाऊ नकोस. ती संस्था २०२२ अखेर बंद झाली, शिक्के अजून झळकतात.

फोटोंशी तुलना करणं तर सगळ्यात वाईट. पानांवर मोठ्या, चिघळलेल्या जखमा असतात. सुरुवातीला मात्र सपाट पांढरा किंवा लाल चट्टा असतो, बहुधा न दुखणारा. लाल जास्त धोक्याचा. 'दुखत नाही ना, मग सोड' हा सल्ला म्हणूनच घातक.

आता करायचं काय. मोबाइलचा टॉर्च लावून दोन्ही गाल ओढून बघा, खालच्या हिरडीची खाच, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा. स्वच्छ गॉझने चट्टा हलकेच पुसा. पुसला गेला तर बुरशी असू शकते, न पुसला गेला तर दाखवायलाच हवा. तोंड किती उघडतं ते कळायला त्याने आपली तीन बोटं उभी धरून दातांमध्ये घालून पाहावी. आणि कुठलाही चट्टा किंवा जखम दोन आठवड्यांत गेली नाही तर वाचणं थांबवून शासकीय दंत महाविद्यालयात 'ओरल मेडिसिन' विभागात जायचं. तुकडा काढून तपासला की कॅन्सर पसरतो, असं कुणीतरी व्हॉट्सॲपवर त्याला सांगेलच. पसरत नाही; तुकड्याशिवाय निदानच होत नाही. खर्रा मात्र आजपासून बंद, तपासणीची वाट बघत बसायचं नाही.

त्याच्या तोंडात किती बोटं जातात ते आज रात्री कळव.

तुझी,
आई