ठिबकच्या शेवटच्या नळीला किती पाणी मिळते?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ठिबक सिंचनाखाली किती क्षेत्र आले आणि किती अनुदान वाटले गेले, याचे आकडे वरचेवर वाचायला मिळतात. बसवलेल्या संचातून शेताच्या दोन्ही टोकांना सारखे पाणी पडते का, याची चर्चा मात्र क्वचितच होते. रावेर-यावल पट्ट्यात केळीच्या पुष्कळ बागा अशा आहेत की व्हॉल्व्हजवळची झाडे वेळेवर निसवतात (म्हणजे त्यांचे केळफूल बाहेर पडते) आणि बांधाकडची मागे राहतात. पुढे घडही लहान-मोठे भरतात आणि कापणी लांबते. अशा वेळी दोष जमिनीला किंवा रोपांना दिला जातो. नळीतल्या पाण्यावर शंका घेणारे थोडेच.

साध्या ड्रिपरचा, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोटीचा, प्रवाह नळीतील दाबावर ठरतो. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाब असताना ताशी ४ लिटर पाणी देणारा ड्रिपर, दाब निम्म्यावर आला की सुमारे २.८ लिटरच देतो. नळी आराखड्यापेक्षा लांब ओढली, चढाच्या दिशेने अंथरली किंवा सबमेन (ठिबकच्या नळ्यांना पाणी पुरवणारी उपमुख्य वाहिनी) बारीक घेतली, तर शेवटच्या ओळींना हाच अनुभव येतो. पंप तोच ठेवून, एका व्हॉल्व्हवर मागाहून आणखी ओळी जोडण्याचा आपल्या शेतकऱ्यांचा मोह तर सर्वश्रुत आहे. उंचसखल रानासाठी दाब बदलला तरी प्रवाह कायम राखणारे ड्रिपर मिळतात, पण ते महाग पडतात आणि सपाट काळ्या रानात नीट आखलेल्या संचाला त्यांची सहसा गरज भासत नाही.

या विषमतेची किंमत दुहेरी आहे. शेवटची ओळ सुकताना दिसली की शेतकरी सगळाच संच जास्त वेळ चालवतो, म्हणजे कडेच्या थोड्या झाडांसाठी उरलेल्या बागेत गरजेपेक्षा जास्त पाणी मुरते आणि ज्या बचतीसाठी ठिबक घेतले ती तेवढ्या प्रमाणात हातची जाते. शिवाय खतेही आता याच नळीतून सोडली जात असल्याने जिथे पाणी कमी तिथे खतही कमी पडते, आणि जिथे पाणी जास्त तिथे युरियासारखे विरघळणारे खत मुळांच्या खाली वाहून जाते.

हे मोजणे अवघड नाही. एका व्हॉल्व्हखालच्या चार नळ्या निवडाव्यात: पहिली, एक तृतीयांश अंतरावरची, दोन तृतीयांश अंतरावरची आणि शेवटची. प्रत्येक नळीवर याच क्रमाने चार ड्रिपर घ्यावेत आणि त्या सोळा ठिकाणी तीन मिनिटे पाणी धरावे. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली २०० मिलिलिटर जमायला हवे. सर्वांत कमी पाणी देणाऱ्या चार ड्रिपरच्या सरासरीला सोळांच्या सरासरीने भागले की समानतेचे प्रमाण मिळते. ते ९० टक्क्यांच्या वर असेल तर संच उत्तम समजावा. ७० च्या खाली गेले असेल तर दुरुस्तीला पर्याय नाही. सोळांची सरासरी ताशी ३.४ लिटर आणि सर्वांत कमी देणाऱ्या चारांची २.४ लिटर आली, तर प्रमाण ७१ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे त्या चार झाडांना सरासरीइतके पाणी मिळण्यासाठी संच सुमारे १.४ पट वेळ चालवावा लागेल.

नवा असताना चांगला चाललेला संचही पुढे बिघडतो. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ड्रिपरच्या तोंडाशी चुना साचतो, विहिरीच्या किंवा शेततळ्याच्या पाण्यातून शेवाळ येते, आणि नळ्यांची शेवटची टोके उघडून गाळ काढण्याचे काम मजूर मिळेपर्यंत लांबणीवर पडते. चुना आणि शेवाळ काढणारी ॲसिड आणि क्लोरिन प्रक्रिया कशी करायची, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते. ती कधी करायची हे ठरवायला हातात मोजमाप नसते.

शासन अल्प व अत्यल्प भूधारकांना पूरक अनुदानासह ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के अनुदान देते. मोका तपासणीत, म्हणजे शेतावरच्या प्रत्यक्ष पाहणीत, साहित्य मोजले जाते, जिओ टॅगिंगचा (ठिकाणाची नोंद असलेला) फोटो काढला जातो. त्याच वेळी ही सोळा ठिकाणची नोंद घेऊन तिची प्रत शेतकऱ्याला द्यावी, अशी माझी सूचना आहे. प्रमाण कमी आल्यास शेतकऱ्याचे अनुदान अडवू नये. आराखडा ज्याने केला आणि संच ज्याने जोडला त्या पुरवठादाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करावा, आणि विक्रीपश्चात सेवेच्या काळात दरवर्षी एकदा हीच मोजणी त्याच्यावर बंधनकारक असावी.

कृषी सहायकांवर आधीच कामांचा भार आहे, हे मान्य. परंतु कृषी पदवीचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात मुक्कामाला येतातच. त्यांच्या प्रात्यक्षिकांत ही मोजणी घेता येईल. त्यासाठी लागणारे मोजपात्र आणि प्रेशर गेज ग्रामपंचायतीने एकदा विकत घेऊन ठेवले, तर तो खर्च एका एकराच्या संचापुढे अगदी किरकोळ असेल.

आपला विश्वासू,
एक केळी उत्पादक
ता. रावेर, जि. जळगाव